२६ जून १८७३ : मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना
मुंबई बंदराचा कारभार या दिवशी विश्वस्त मंडळाकडे आला. कर्नल बॅलार्ड पहिले अध्यक्ष. त्याआधी किनाऱ्याचा मोठा भाग एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीकडे होता. धक्का खासगी मुठीत असला की व्यापाराची नाडीही तिथेच जाते, म्हणून सरकारने तो विकत घेतला. मुंबईकडे वळणाऱ्या या व्यापाराची झळ चांद्याच्या जंगलमुलखालाही आधीच लागली होती. तिथला माल सिरोंच्यावरून गोदावरीमार्गे पूर्व किनाऱ्याला नेण्याची योजना १८७१ मध्ये गुंडाळली गेली. अहेरीजवळच्या देवलमरीसारखे नदीतले खडकाळ अडसर हे कारण खरे, पण अपुरे. खडक फोडता येतात. १८६७ मध्येच नागपूरला पोहोचलेल्या रेल्वेने माल मुंबईकडे वळवला होता. पोर्ट ट्रस्टच्या मंडळावर युरोपीय व्यापाऱ्यांचे वजन होते, हा आक्षेप रास्तच. तरी कंपनीच्या नफ्यापेक्षा कायद्याने बांधलेला कारभार बरा.