कोंबडी बसली आणि जीवनसत्त्व सापडलं

सकाळी खुराडं उघडावं, सगळ्या कोंबड्या फडफडत बाहेर याव्यात, आणि एक तलंग मात्र आतच बसून राहावी. उचलून उभी केली तर दोन पावलं झोकांड्या खात चालते, पुन्हा बसते. आपल्यापैकी बहुतेकींनी हे पाहिलंय. मग घरात दोनच सल्ले मिळतात. 'हवा लागली, सोडून दे' किंवा 'मरायच्या आधी कापून टाक'. अंड्यांचे पैसे आपल्या हातातले, त्यामुळं दोन्ही सल्ले जिवावर येतात. आज मी तुम्हाला अशाच बसलेल्या कोंबड्यांची सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट सांगणार आहे. त्यांच्याकडे एका डॉक्टरनं नीट पाहिलं आणि त्यातून माणसांच्या एका जीवघेण्या रोगाचं मूळ सापडलं.

गोष्ट जावा बेटावरची. तिथं तेव्हा डचांचं राज्य होतं. आज ज्याला जकार्ता म्हणतात त्या शहराचं नाव होतं बटाव्हिया. सैनिक आणि कैदी 'बेरीबेरी' नावाच्या रोगानं मरत होते. आधी पाय बधिर व्हायचे, मग चालता येईना, काहींच्या अंगावर सूज यायची आणि शेवटी हृदय बंद पडायचं. तो काळ जंतूंच्या शोधांचा होता, म्हणून यालाही जंतूच कारण असणार असं सगळ्यांनी धरलेलं. 1886 साली हॉलंडहून दोन तज्ज्ञ तो जंतू शोधायला आले. त्यांच्याबरोबर ख्रिस्तियान आयकमान नावाचा तरुण लष्करी डॉक्टर होता. तज्ज्ञ परत गेले, आयकमान मागं राहिला. लष्करी इस्पितळातल्या छोट्या प्रयोगशाळेत त्यानं कोंबड्या पाळल्या. दुसऱ्या जनावरांपेक्षा त्या स्वस्त, एवढाच हिशेब.

1889 च्या जुलैत त्या कोंबड्या बसायला लागल्या. आधी चाल अडखळती, मग पाय दुमडायचे, मग कोंबडी कुशीवर पडायची. त्यानं काही कोंबड्यांना रोग्यांचं रक्त टोचलं होतं, काहींना नाही. पण आजारी पडल्या दोन्हीकडच्या! त्याला वाटलं, साथच पसरली. आणि नोव्हेंबर संपता संपता, काही औषध न देता, आजार आपोआप थांबला. उरलेल्या कोंबड्या उठून चालू लागल्या.

इथं दुसरा कुणी असता तर 'बरं झालं' म्हणून पुढं गेला असता. आयकमाननं मात्र विचारलं, मधल्या काळात बदललं काय? तेव्हा कळलं, की प्रयोगशाळेचा माणूस पैसे वाचवण्यासाठी 17 जूनपासून इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला भात कोंबड्यांना घालत होता. पांढराशुभ्र, गिरणीत घासलेल्या तांदळाचा. पुढं स्वयंपाकी बदलला. नवा मोठा कडक निघाला. लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, असं म्हणून त्यानं 27 नोव्हेंबरपासून भात बंद केला. मग कोंबड्यांना साधा, न घासलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या उठल्या. म्हणजे या शोधाचं थोडं श्रेय त्या चिकट स्वयंपाक्यालाही द्यायला हवं!

मग आयकमाननं मुद्दाम करून पाहिलं. नुसत्या पांढऱ्या भातावर ठेवलेल्या कोंबड्या तीन-चार आठवड्यांत बसायच्या. त्यांना तांदळावरचा कोंडा दिला की बऱ्या व्हायच्या. गिरणीवर आपण जो 'घ्या हो' म्हणून सोडून येतो, तोच कोंडा.

हे माणसांनाही लागू पडतं का? जावातले आरोग्य अधिकारी ॲडॉल्फ व्होर्डरमन यांनी 1895-96 च्या सुमारास तिथल्या 101 तुरुंगांची माहिती गोळा केली. पांढरा तांदूळ खाणाऱ्या 51 तुरुंगांपैकी 36 ठिकाणी बेरीबेरी होता. न घासलेला तांदूळ देणाऱ्या 37 तुरुंगांपैकी फक्त एका ठिकाणी. इमारत जुनी की नवी, गर्दी किती, हवा कशी, यानं फारसा फरक पडत नव्हता. फरक ताटातल्या भाताचा होता.

गंमत अशी, की आयकमानचा अर्थ चुकला होता. त्याला वाटलं, भातात विष आहे आणि कोंडा त्याचा उतारा. त्याच्यामागून आलेल्या गेरिट ग्रेइन्सनं 1901 मध्ये बरोबर सांगितलं, की विष नाही, काहीतरी कमी पडतंय. आणि ते काहीतरी हिरव्या मुगातही असतं, हेही त्यानं कोंबड्यांवरच दाखवलं. 1912 मध्ये कॅसिमिर फुंकनं अशा पदार्थांना 'व्हिटॅमिन' हे नाव दिलं. 1926 साली बटाव्हियातच तांदळाच्या कोंड्यातून तो पदार्थ शुद्ध रूपात निघाला. तेच बी-वन जीवनसत्त्व. 1929 मध्ये आयकमानला नोबेल मिळालं, पण तेव्हा तो इतका आजारी होता, की घ्यायला जाऊ शकला नाही. 1936 मध्ये रॉबर्ट विल्यम्सनं बी-वन कारखान्यात करता येईल अशी रीत शोधली. हा विल्यम्स जन्मला होता आपल्याकडे, नेल्लोरला.

हे जीवनसत्त्व पिठूळ अन्नातून ताकद काढायला लागतं. अंगात त्याचा साठा थोड्याच आठवड्यांचा. ते संपलं, की आधी कळ लागते ती लांब नसांना, म्हणजे पायांच्या. आपल्या आज्या उखळात भात सडायच्या तेव्हा थोडा कोंडा दाण्याला राहायचा. कोकणातला उकडा तांदूळ तर आणखी भला. भात सालासकट उकडताना हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, मग गिरणीतही सगळं जात नाही.

आता आपल्या खुराड्याकडे वळू. कोंबडी बसली म्हणजे कोंडाच कमी पडला, असं मात्र धरू नका. मोकळी चरणारी कोंबडी किडे-पाला खाते, तिला ही उणीव सहसा होत नाही. कोंडून ठेवलेल्या आणि नुसत्या भात-कणीवर असलेल्या कोंबडीला होऊ शकते. बाकी कारणं पुष्कळ. तळव्याला फोड असेल. अंडं अडकलं असेल. पिल्लाची बोटं आत वळली असतील तर बी-टू कमी असेल. तरण्या कोंबडीचा एक पाय पुढं, एक मागं ताणलेला दिसला तर मॅरेकचा रोग असू शकतो. 1907 मध्ये बुडापेस्टच्या योझेफ मॅरेक यांनी चार लुळ्या कोंबड्यांवरून तो प्रथम नोंदवला. त्यावर औषध नाही, पण पिल्लाला पहिल्याच दिवशी लस देता येते. मान वाकडी, हिरवी शीट, धाप, आणि एकामागून एक मरतूक असेल तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिलाही औषध नाही, लसच.

म्हणून कोंबडी बसली, की आधी तिला वेगळं ठेवा. खाली कोरडा पेंढा घाला, दाणापाणी चोचीजवळ ठेवा, हात धुवा. तळवे, सांधे, पोट, शीट बघा. मग आयकमानचा प्रश्न विचारा, गेल्या महिन्याभरात बदललं काय? खाणं? जागा? बाहेरून आणलेली नवी कोंबडी? उत्तर खाण्याकडे बोट दाखवत असेल तर कोंडा, भिजवलेले मूग द्या, आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून बी-कॉम्प्लेक्स. कोंबडी उणिवेनं बसली असेल तर फरक लवकर दिसतो. दिसला नाही तर दुसरं कारण शोधायला हवं. एकदम चार-पाच मेल्या तर हात लावू नका, कापू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

त्या बटाव्हियातल्या कोंबड्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण त्या बसल्या आणि कुणीतरी त्यांच्याकडे नीट पाहिलं, म्हणून पुढं कितीतरी माणसं पायांवर उभी राहिली. उद्या सकाळी खुराडं उघडाल तेव्हा पहिली नजर त्यांच्या पायांवर टाका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.