ओस म्यूटान्टेस (ध्वनिमुद्रिका, १९६८)

ओस म्यूटान्टेस : ब्राझीलमधील साओ पाउलो शहरातल्या याच नावाच्या त्रिकुटाची पहिली एलपी ध्वनिमुद्रिका. पॉलिडोर कंपनीने ती १९६८ मध्ये काढली. गाणी अकरा, दोन्ही बाजू मिळून वेळ सुमारे ३६ मिनिटे. सायकेडेलिक पॉपमध्ये इतकी खोडकर तबकडी दुसरी सापडणे कठीण. तिला ब्राझीलबाहेर श्रोते मिळायला जवळजवळ तीस वर्षे लागली. आधी सीडी आणि मग पुन्हा विनाइल, अशा क्रमाने ती परत बाजारात आली. जुन्या तबकड्या नव्याने छापण्याच्या आजच्या लाटेत पुष्कळसा माल निव्वळ हौसेचा असतो. या ध्वनिमुद्रिकेची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्यातली सर्वांत मोठी खोडी रेकॉर्ड प्लेअरवरच पुरती लागू पडते.

ती खोडी पहिल्याच गाण्यात आहे. जिल्बेर्तो जिल आणि काएतानो वेलोझो यांनी लिहिलेले ‘पानिस एत सिर्सेन्सेस’ हे गाणे ऐटदार तुताऱ्यांनिशी रंगात येते आणि ऐन भरात असताना त्याचा सूर घसरू लागतो. आवाज जड, रडका होत जातो आणि थांबतो. वीज गेल्यावर फिरती तबकडी मंदावते तेव्हा नेमके हेच होते. १९६८ चा श्रोता उठून प्लग तपासायला गेला असेल, तर त्यात नवल नाही. एवढ्यात गाणे पुन्हा उचल खाते, आणि अखेरीस जेवणाचे टेबल ऐकू येते: काट्याचमच्यांची किणकिण, हे दे, ते वाढ अशी बोलणी, मागे योहान श्ट्राउसचे ‘ब्लू डॅन्यूब’. घरातल्या माणसांच्या जेवणाच्या टेबलावरच गाण्याचा रोख आहे, त्यामुळे हा शेवट नुसती गंमत राहत नाही. सीडीवर किंवा मोबाइलवर हे सगळे ऐकू येते, पण फसगत होत नाही. यंत्र बंद पडले तरी तिथे आवाज असा घसरत थांबतच नाही, मग शंका यायची कशाची?

त्रिकुटात आर्नाल्दो बाप्तिस्ता, त्याचा धाकटा भाऊ सर्जियो दियास आणि गायिका रीटा ली. तिघेही तेव्हा विशीच्या आसपासचे. भावांची आई क्लारिसे लेइते पियानोवादक व संगीतकार होती. थोरला भाऊ क्लॉडिओ सेझार मंचावर येत नसे, पण त्याच्याशिवाय या वाद्यवृंदाचा आवाज झालाच नसता. परदेशी गिटार आणि पेडल महाग व दुर्मीळ असल्याने तो ती घरीच बनवी. ‘आ मीन्या मेनीना’ या जॉर्जी बेनच्या गाण्यात जी करकरीत, फाटलेली गिटार ऐकू येते, ती या घरगुती कारखान्याची देणगी. त्याने सर्जियोसाठी सोन्याचा मुलामा दिलेली गिटार घडवली आणि वाद्याची निंदा करणाऱ्यास शाप देणारा मजकूरही तिच्यावर बसवला. वाद्यवृंदाचे नाव स्तेफान वुल या फ्रेंच लेखकाच्या विज्ञान कादंबरीवरून आले. ते सुचवले रॉनी व्हॉन या गायकाने, ज्याच्या दूरदर्शन कार्यक्रमात ही मुले १९६६ मध्ये पुढे आली.

स्वरसंयोजन रोजेरियो दुप्रात यांचे. ते आधुनिक अभिजात संगीतातले, पण पॉपचा विटाळ न मानणारे. निर्मिती मानोएल बारेनबेइन यांची. फ्रांस्वाज आर्दी या गायिकेमुळे गाजलेले एक हळवे फ्रेंच गाणे या ध्वनिमुद्रिकेत आहे आणि त्यात झांजेऐवजी कीटकनाशक मारायचा फ्लिटचा पंप वाजतो. हा हातपंप आपल्याकडेही घरोघरी असे, तेव्हा त्याचा ‘फुस्स’ आवाज जुन्या मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. ‘बात माकुंबा’ या गाण्यात बॅटमॅन आणि माकुंबा ही आफ्रो-ब्राझिली उपासना एकाच शब्दात कोंबली आहे. त्याची ओळ दर खेपेस एकेका अक्षराने झिजते आणि मग तशीच भरत जाते. कागदावर लिहिली तर पंखासारखी आकृती तयार होते.

या थट्टेमागचा काळ थट्टेचा नव्हता. १९६४ पासून ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. तिला विरोध करणाऱ्या अनेक तरुणांना विजेची गिटार हे अमेरिकी वर्चस्वाचे चिन्ह वाटे. जुलै १९६७ मध्ये साओ पाउलोत या गिटारविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात गायिका एलिस रेजिना होती आणि चक्क जिलही होता. तोच जिल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाण्यांच्या महोत्सवात या त्रिकुटाला घेऊन, विजेच्या गिटारीसह, मंचावर उभा राहिला आणि दुसरा आला. पुढे सप्टेंबर १९६८ मध्ये काएतानोबरोबर हे त्रिकूट वाजवत असताना डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांनी हुर्यो करून पाठ फिरवली, तेव्हा या तिघांनीही श्रोत्यांकडे पाठ करून वाजवणे चालू ठेवले. म्हणजे लष्कराला हे तिघे उच्छृंखल वाटत आणि लष्कराच्या विरोधकांना विकाऊ. डिसेंबर १९६८ मध्ये राजवटीने दडपशाहीचा पाचवा हुकूम काढला. जिल आणि काएतानो यांना अटक झाली आणि १९६९ मध्ये दोघांना देश सोडून लंडन गाठावे लागले. जिल, काएतानो आणि म्यूटान्टेस यांची ‘त्रोपिकालिया’ नावाची संगीत चळवळ तिथे मोडली. जिल पुढे २००३ मध्ये त्याच देशाचा सांस्कृतिक मंत्री झाला.

रीटा ली १९७२ मध्ये बाहेर पडली आणि स्वतंत्र गायिका म्हणून अफाट लोकप्रिय झाली. वाद्यवृंद मात्र विस्मरणात गेला. जानेवारी १९९३ मध्ये निर्वाणा हा अमेरिकी वाद्यवृंद ब्राझीलला आला असता त्याचा गायक कर्ट कोबेन याने आर्नाल्दोला चिठ्ठी लिहून व्यवस्थेपासून सावध राहण्याचा इशारा दिला. १९९९ मध्ये डेव्हिड बर्न या संगीतकाराच्या लुआका बॉप कंपनीने निवडक गाण्यांचा संग्रह काढला, तर ओम्प्लाटेन या छोट्या अमेरिकी कंपनीने पहिल्या तिन्ही ध्वनिमुद्रिका पुन्हा उपलब्ध केल्या. २००६ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रात दोघे भाऊ पुन्हा एकत्र वाजले. रीटा ली आली नाही. तिच्या जागी झेलिया दुन्कान गायली. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या ब्राझिली आवृत्तीने २००७ मध्ये देशातील शंभर श्रेष्ठ ध्वनिमुद्रिका निवडल्या, त्यात ही नववी होती.

खुद्द ब्राझीलमध्ये तबकड्यांचा धंदा नव्वदीच्या दशकाअखेर जवळपास संपला होता. रिओ राज्यातील बेल्फोर्ड रोशो येथे १९९९ मध्ये सुरू झालेला पॉलिसॉम हा कारखाना २००७ मध्ये बंद पडला. नव्या मालकांनी तो विकत घेऊन २०१० च्या सुमारास पुन्हा चालू केला आणि काही काळ तो लॅटिन अमेरिकेतला एकमेव विनाइल कारखाना होता. जुन्या ब्राझिली ध्वनिमुद्रिकांच्या त्याच्या मालिकेत म्यूटान्टेसही आले.

अशा पुनर्मुद्रणात मूळ टेपवरून लॅकरचा लेप दिलेल्या चकतीवर खाचा कोरतात, तिच्यावर निकेलचा थर चढवून साचे बनवतात आणि साच्यांतून विनाइल दाबतात. जुनी टेप न वापरता सीडीसाठी केलेल्या डिजिटल प्रतीवरूनही खाचा कोरता येतात. तबकडी तशीच देखणी दिसते, पण मग ती सीडीचीच नक्कल ठरते. एका बाजूला सरासरी अठरा मिनिटेच असल्याने या ध्वनिमुद्रिकेला खाचांची दाटी सोसावी लागत नाही, हे तिचे भाग्य. तरी बाजूच्या शेवटच्या गाण्यात, म्हणजे मध्याजवळ, खाचेचा वेढा लहान होतो आणि करकरीत गिटार अधिकच फाटते. इथे ते दोष वाटण्याचे कारण नाही. वेष्टनावर ‘१८० ग्रॅम’ ठळक छापलेले असते. त्याने तबकडी हाताला भरीव लागते, सुरात फरक पडतो असे नाही. ही ध्वनिमुद्रिका घ्यायची झाल्यास वजन न पाहता ती कोणत्या टेपवरून कोरली, हे वेष्टनावर लिहिले आहे का ते आधी पाहावे.