मोटारीच्या ब्रेकची कुळकथा : भरीव की पोकळ?

श्रोतेहो, मोटार कशाने चालते असे विचारले तर घरातील लहान मूलही उत्तर देईल; परंतु ती थांबते कशाने, असे विचारले तर थोरांपैकीही पुष्कळजण ‘ब्रेकने’ एवढे एकाक्षरी उत्तर देऊन स्वस्थ बसतील. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. शक्तीचा नाश होत नाही, तिचे केवळ रूपांतर होते, हा नियम आपण सर्वांनी शाळेत घोकलेला असतो. धावत्या मोटारीच्या अंगी असलेली गतीही थांबताना नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारे यंत्र होय, आणि त्या उष्णतेला वाट कोणती करून द्यावयाची, ह्या एका प्रश्नाभोवतीच ब्रेकचा सगळा इतिहास फिरत आलेला आहे. चाकातील लोखंडी तबकडी भरीव असावी की पोकळ, हा आजच्या मोटारमालकास पडणारा प्रश्न त्याच इतिहासाचे शेवटचे प्रकरण आहे.

ही उष्णता किती, हे थोडक्यात मोजून पाहू. एक हजार किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता थांबविली, तर जी उष्णता निर्माण होते तिने सुमारे सव्वा लिटर पाणी उकळेल. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. आता तीच मोटार खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरू द्या. उतार सुमारे ५०० मीटरांचा आहे. सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर पायथ्याशी येईपर्यंत होणारी उष्णता बादलीभर, म्हणजे सुमारे सोळा लिटर, पाणी उकळण्याइतकी भरते. ही सारी धग चाकांच्या आत बसविलेल्या काही किलो लोखंडाने सोसावयाची असते.

प्रारंभी ह्या गोष्टीची कोणासच फारशी क्षिती नव्हती. घोडागाडीस लाकडाचा ठोकळा चाकावर दाबला की काम भागे. इंग्लंडातील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात शेतकरी गाड्यांच्या ब्रेकच्या ठोकळ्यास जुने बूट लावीत. हे पाहूनच हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थास घर्षणासाठी निराळे अस्तर तयार करण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे त्याने अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर केले आणि ते जगभर पसरले. त्या धुळीने फुप्फुसांचे घातक रोग होतात हे उमगावयास मात्र फार काळ जावा लागला. ब्रिटनमध्ये त्या पदार्थावर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली.

मोटार आली तेव्हा दोन वाटा जवळजवळ एकदमच फुटल्या. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने ड्रम ब्रेक पुढे आणला. त्यात चाकाबरोबर फिरणारा एक लोखंडी डबा असतो व आतील दोन अर्धचंद्राकृती पट्ट्या फाकून त्यास घट्ट धरतात. त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. फिरत्या तबकडीस दोहों बाजूंनी चिमट्यात धरावयाचे, अशी त्याची योजना होती. कल्पना उत्तम, पण चिमट्यास अस्तर होते तांब्याचे, आणि तांबे लोखंडावर घासले जाऊन असा कर्कश आवाज निघे की ऐकणाऱ्याचे कान किटत. ड्रम निमूटपणे काम करी, धूळपाण्यापासून आतील भाग झाकून ठेवी आणि स्वस्तही पडे. साहजिकच पुढील पन्नास वर्षे त्याचेच राज्य चालले.

परंतु ड्रममध्ये एक उपजत दोष होता. डब्यात उत्पन्न झालेली उष्णता डब्यातच कोंडली जाई. लोखंड तापले की फुगते. त्यामुळे ड्रम आतील पट्ट्यांपासून दूर सरे आणि चालकाचा पाय खोल खोल जाऊ लागे. तबकडीचे तसे नाही. ती उघड्या वाऱ्यावर फिरते आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. दुसऱ्या महायुद्धानंतर डनलॉप कंपनीने विमानांसाठी वापरलेला हा ब्रेक मोटारीस लावण्याचे मनावर घेतले. अमेरिकेत क्रॉस्ली कंपनीने १९४९ मध्येच आपल्या छोट्या मोटारीस तबकड्या बसवून पाहिल्या होत्या. पण हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने त्यांस गंज चढे व त्या जाम होत. लवकरच तो बेत सोडून द्यावा लागला.

खरा निकाल लागला तो शर्यतीच्या मैदानावर. फ्रान्समधील ल मां येथे मोटारींची चोवीस तासांची शर्यत होते. तेथे त्या काळी सुमारे सहा किलोमीटरांचा अखंड सरळ रस्ता होता, आणि त्याच्या टोकाशी काटकोनी वळण. प्रत्येक फेरीत मोटार भरवेगात यावयाची आणि त्या वळणापाशी एकदम मंदावयाची. रात्रंदिवस हे चालू राहिले की ड्रम लाल होत आणि चालकांस वळणाच्या कितीतरी आधीपासून वेग कमी करावा लागे. १९५३ साली जग्वार कंपनीच्या, तबकडीचे ब्रेक असलेल्या मोटारीत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी ही शर्यत जिंकली. त्यांचा सरासरी वेग ताशी १०५ मैलांहून अधिक भरला. शंभराची सीमा तेथे प्रथमच ओलांडली गेली. इंजिन तर महत्त्वाचे होतेच. पण उशिरा ब्रेक लावण्याची जी मुभा तबकडीने दिली, तिचा वाटा त्या विजयात मोठा होता. दोनच वर्षांनी, १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात, सित्रोएनने आपल्या डी. एस. मोटारीच्या पुढील चाकांसाठी तबकड्या दिल्या, आणि शर्यतीची वस्तू संसारी मनुष्याच्या घरी आली.

ह्या तबकड्या भरीव होत्या. मोटारी जसजशा जड व वेगवान झाल्या, तसतसे हेही लोखंड अपुरे पडू लागले. तेव्हा एक साधी युक्ती पुढे आली. एका जाड तबकडीऐवजी दोन पातळ तबकड्या समोरासमोर ठेवावयाच्या आणि मध्ये लोखंडाच्याच पाकळ्या ठेवून त्या एकसंध ओतावयाच्या. चाक फिरले की ह्या पाकळ्या मध्यभागातून वारा ओढून घेतात व परिघावरून बाहेर फेकतात. तबकडी हीच पंखा बनते. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेटने १९६५ साली चारही चाकांस अशा पोकळ तबकड्या दिल्या. त्यानंतर लवकरच जर्मनीच्या पोर्शे ९११ एस ह्या मोटारीतही त्या आल्या.

मग पोकळ तबकडी सर्वथा श्रेष्ठ, असे म्हणावे काय? येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. एकदाच कडकडून ब्रेक दाबला, तर पोकळीतील वाऱ्यास काम करावयास सवडच मिळत नाही. उष्णता प्रथम लोखंडातच साठते आणि तेथे लोखंडाचे वजन कामी येते. वाऱ्याचा उपयोग दोन ब्रेकांच्या मधल्या काळात होतो. म्हणून वारंवार व मोठ्या वेगातून थांबणाऱ्या मोटारीस पोकळ तबकडी हवीच. पण ती जाड असते, महाग असते आणि समुद्रकाठी तिच्या पाकळ्यांत गंज साठू शकतो. मोटार थांबताना तिचा भार पुढे झुकतो व पुढील चाकांवर अधिक काम पडते. म्हणून अनेक मोटारींत पुढे पोकळ व मागे भरीव तबकडी, किंवा मागे साधा ड्रमच, अशी योजना असते. ह्यात कंजूषपणा नसून हिशेब आहे.

हा हिशेब मी स्वतः भीतीपोटी शिकलो. काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या मोटारीतून आम्ही सहकुटुंब घाट उतरत होतो. पेट्रोल वाचावे म्हणून त्याने गिअर काढून ठेवला होता, आणि वडीलकीच्या नात्याने त्या काटकसरीचे कौतुक मीच केले होते. अर्ध्या वाटेवर जळकट वास आला. पुतण्या म्हणाला, “काका, ब्रेक लागत नाहीये.” हँडब्रेक ओढीत व मोठ्या प्रयासाने खालचा गिअर टाकीत त्याने गाडी कडेच्या चढावर नेऊन थांबविली, मागे बसलेल्या लेकरांस काय घडले ते कळलेही नाही. नंतर एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला, “भरीव काढा, पोकळ टाका.” जाणत्या मिस्त्रीने मात्र समजावले की जाड तबकडी जुन्या कॅलिपरच्या चिमट्यात मावावयाचीच नाही, आणि दोष तबकडीचा नव्हताच. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे बदललेले नव्हते. डॉट ३ जातीचे ताजे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण हवेतील ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पाय नुसताच खाली जातो.

शिवाय घाटात मोटार हळू चालते, चाक हळू फिरते, म्हणजे पोकळ तबकडीचा पंखाही हळूच वारा घालतो. तेथे खरा आधार खालच्या गिअरचा. मग उतरणीचा बराच भार इंजिन आपल्या अंगावर घेते आणि तबकडीच्या वाट्यास थोडेच काम उरते.

तेव्हा श्रोतेहो, मोटार बनविणाऱ्याने जी तबकडी योजिली असेल, तिच्याच जातीची नवी घालावी. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती झिजू देऊ नये. तेल वेळच्या वेळी बदलावे. आणि घाट ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरावा. उष्णतेस वाट करून देणे हे कारागिराचे काम. ती मुळात कमी निर्माण होऊ देणे हे मात्र चालकाच्याच हाती आहे.