टिंबाआडच्या फाइली : एका वहिवाटीचा इतिहास

संगणकावरील आज्ञावलीने आपली सेटिंग्ज व वापरकर्त्याची विदा कोठे ठेवावी, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. वस्तुतः तो अधिकाराचा प्रश्न आहे. आणि युनिक्स परंपरेत त्याचे पहिले उत्तर कोणी विचारपूर्वक दिलेच नाही.

युनिक्स प्रणालीचा आरंभ १९६९ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये झाला. पुढे तिच्यातील प्रत्येक डिरेक्टरीत एक टिंब व दोन टिंबे अशा नावांच्या दोन नोंदी असत. पहिली त्या डिरेक्टरीची स्वतःची, दुसरी तिच्या वरच्या डिरेक्टरीची. ‘एलएस’ या आज्ञावलीने छापलेल्या यादीत त्या दिसू नयेत, म्हणून ज्या नावाचे पहिले अक्षर टिंब असेल ते नाव वगळावे, अशी आखूड तपासणी घालण्यात आली. संपूर्ण नाव ताडून पाहण्याचे श्रम वाचले. परंतु टिंबाने सुरू होणारी कोणतीही फाइल त्यामुळे अदृश्य झाली. ही हकीकत रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिली. ते त्या गटात १९८० साली, म्हणजे या घटनेनंतर, दाखल झाले. तेव्हा तिला प्रत्यक्ष साक्षीचे नव्हे, गटातील परंपरेचे प्रामाण्य द्यावे, हे बरे.

पळवाटेची वहिवाट व्हायला वेळ लागला नाही. सी शेल, ईमॅक्स आदी आज्ञावली वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत आपापली टिंबनामक फाइल ठेवू लागल्या. सेटिंग्ज, मौल्यवान विदा आणि टाकाऊ कॅश यांची सरमिसळ झाली. काय जतन करावे, हे वापरकर्त्यास कळेना.

‘एक्सडीजी बेस डिरेक्टरी’ या २००३ सालच्या विनिर्देशाने या तिहींची ठिकाणे वेगळी केली. याहून महत्त्वाचे म्हणजे, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलद्वारे ती बदलण्याचा अधिकार वापरकर्त्यास दिला. व्हेरिएबल दिले नसल्यास सेटिंग्ज होममधील ‘.कॉन्फिग’मध्ये जातात. मात्र विनिर्देशास सक्तीचे बळ नव्हते. ईमॅक्सने तो २०२० साली, २७.१ या आवृत्तीत स्वीकारला. तोही जुनी डिरेक्टरी आधीच असेल तर तिलाच मान देऊन.

सगळाच विरोध आळसाचा मानणे मात्र अन्यायाचे होईल. ओपनएसएसएचच्या सर्व्हरला अधिकृत किल्ल्यांची फाइल वापरकर्त्याचा प्रवेश होण्यापूर्वीच वाचावी लागते. त्या क्षणी वापरकर्त्याने ठरविलेले व्हेरिएबल अस्तित्वातच नसते.