शलमोनाचे मंदिर आणि ख्रिस्ती उपासना

शलमोनाचे मंदिर हे प्राचीन इस्राएलातील यरुशलेम येथे शलमोन राजाने बांधलेले देवालय होय. पवित्र शास्त्रातील वर्णनानुसार त्याची उभारणी सामान्यतः इ.स.पू. १० व्या शतकात मानली जाते. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने इ.स.पू. ५८६ च्या सुमारास ते उद्ध्वस्त केले. ही वास्तू यहुदी धर्माची असूनही तिची रचना, मोजमापे व साहित्य यांना ख्रिस्ती उपासनेत पुढे स्वतंत्र आध्यात्मिक अर्थ प्राप्त झाला. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या अर्थाचा परामर्श घेतला आहे.

जागा व बांधकाम

मंदिराची माहिती प्रामुख्याने जुन्या करारातील ‘१ राजे’ व ‘२ इतिहास’ या पुस्तकांत आढळते. दावीद राजाने यबूशी मनुष्याचे खळे विकत घेऊन तेथे वेदी बांधली होती. पुढे त्याच जागी मंदिर उभे राहिले. इतिहासाचे पुस्तक या जागेस मोरिया डोंगर म्हणते. अब्राहामाने इसहाकाला अर्पण करण्यासाठी जेथे नेले, त्या प्रदेशाचेही हेच नाव असल्याने अर्पण आणि मंदिर यांची सांगड प्रारंभापासूनच घातली गेली.

सोर नगरीचा राजा हीराम याने लबानोनातील गंधसरू व देवदारूचे लाकूड पुरविले. शलमोनाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी आरंभलेले काम सात वर्षे चालले. मुख्य वास्तू ६० हात लांब, २० हात रुंद व ३० हात उंच होती. हात सुमारे ४५ सेंटिमीटरचा धरल्यास लांबी साधारण २७ मीटर भरते. म्हणजे वास्तू आजच्या मोठ्या चर्चच्या मानाने लहानच होती, कारण ती भक्तसमुदाय सामावण्यासाठी नव्हतीच. लोक बाहेरच्या अंगणात उभे राहत आणि आत केवळ याजक जात.

दगड खाणीतच घडवून आणले जात, त्यामुळे मंदिर बांधले जात असताना तेथे हातोडा, कुऱ्हाड वा अन्य लोखंडी हत्याराचा आवाज ऐकू आला नाही, असे ‘१ राजे’ सांगते. याच पुस्तकात ३०,००० वेठकऱ्यांचाही उल्लेख आहे. त्यांतील १०,००० जण पाळीपाळीने महिनाभर लबानोनात राबत असत. शलमोनाच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याचा पुत्र रहबाम याच्याकडे हे जू हलके करण्याची मागणी केली. ती धुडकावली गेली आणि राज्य दुभंगले. मंदिराच्या वैभवाचे गुणगान करणाऱ्या अनेक भाष्यांत ही बाजू क्वचितच येते. मूळ ग्रंथाने मात्र ती लपविलेली नाही.

अंतर्रचना

देवडी, पवित्रस्थान व परमपवित्रस्थान असे मंदिराचे तीन भाग होते. देवडीपुढे याखीन व बवाज या नावांचे दोन पितळी स्तंभ होते. पवित्रस्थानात धूपवेदी, समर्पित भाकरीचे मेज व दहा दीपवृक्ष होते. सर्वांत आतील परमपवित्रस्थान लांबी, रुंदी व उंची या तिन्ही बाबतींत २० हातांचे, म्हणजे पूर्ण घनाकार होते. तेथे कराराचा कोश आणि जैतुनाच्या लाकडाचे, सोन्याने मढविलेले दोन करूब होते. मराठी वाचकास येथे गर्भगृहाची आठवण होणे साहजिक आहे. परंतु या गाभाऱ्यात देवाची मूर्ती नव्हती. करूबांच्या पंखांखाली कोशावरची जागा रिकामी होती आणि ते रितेपण हेच देवाच्या सान्निध्याचे चिन्ह मानले जाई.

मंदिराच्या समर्पणप्रसंगी शलमोनाने केलेली प्रार्थना या संदर्भात महत्त्वाची आहे. ज्याला आकाशही सामावून घेऊ शकत नाही तो देव या घरात कसा मावेल, असा प्रश्न खुद्द मंदिर बांधणाराच त्यात विचारतो. दूर देशाहून आलेल्या परक्याचीही प्रार्थना ऐकावी, अशी विनंतीही तो करतो.

नव्या करारातील अर्थ

येशूच्या काळी यरुशलेमात उभे होते ते दुसरे मंदिर. हेरोद राजाने त्याचा मोठा विस्तार आरंभिला होता. योहानकृत शुभवर्तमानानुसार हे मंदिर पाडल्यास तीन दिवसांत ते उभारीन, असे येशू म्हणाला. तो आपल्या शरीरासंबंधी बोलत होता, असा खुलासा शुभवर्तमानकार तेथेच करतो. मंदिराच्या संपूर्ण ख्रिस्ती अर्थाचा पाया येथे आहे: देव व मनुष्य यांच्या भेटीचे स्थान वास्तूकडून व्यक्तीकडे सरकले.

येशूच्या मृत्यूच्या क्षणी मंदिरातील पडदा वरून खालपर्यंत फाटल्याचे मार्क सांगतो. पडद्यापलीकडे वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, केवळ मुख्य याजक रक्त घेऊन जात असे. ‘इब्री लोकांस पत्र’ हाच विधी समोर ठेवून ख्रिस्ताला मुख्य याजक आणि त्याच्या देहाला पडदा मानते. मात्र या पत्रात वर्णन येते ते मोशेच्या दर्शनमंडपाचे. तो मंडप फिरता तंबू होता आणि मंदिराची योजना त्याच्याच धर्तीवर होती.

पौलाने करिंथ येथील मंडळीला देवाचे मंदिर म्हटले. मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘तुम्ही’ हे सर्वनाम अनेकवचनी आहे, हे ध्यानात घेणे इष्ट. तो उपदेश आधी समुदायाला आहे. एकेका विश्वासणाऱ्याच्या शरीराचा मुद्दा त्याच पत्रात पुढे येतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणारे ‘जिवंत दगड’ होतात. प्रकटीकरणातील नवे यरुशलेम परमपवित्रस्थानाप्रमाणेच घनाकार आहे, पण त्यात मंदिर नाही. संपूर्ण नगरच गाभारा झालेले आहे.

चर्चच्या परंपरेत

इ.स. ३१५ च्या सुमारास सोर येथील नव्या चर्चच्या समर्पणप्रसंगी इतिहासकार युसेबियस याने भाषण केले आणि तेथील बिशपची तुलना शलमोनाशी केली. ज्या नगरीने शलमोनास लाकूड पुरविले, तिथेच ही तुलना व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात यरुशलेमास आलेली यात्रेकरू एजेरिया हिने तेथील चर्चचा समर्पणदिन शलमोनाच्या मंदिराच्या समर्पणदिनाशी जोडलेला असल्याचे नोंदविले आहे.

आठव्या शतकात इंग्लंडमधील संन्यासी बीड याने ‘दे तेम्प्लो’ या लॅटिन ग्रंथात मंदिराचे दगड, लाकूड व मापे यांचा रूपकात्मक अर्थ लावला. खाणीत घडविलेल्या दगडांचे रूपक तर उपासनागीतांतही उतरले: छिन्नीचे घाव या जगात सोसावयाचे आणि स्वर्गीय नगरीत निःशब्दपणे आपल्या जागी बसावयाचे. अशा अर्थविवरणाचा अतिरेकही झाला. प्रत्येक खिळ्यात गूढ शोधताना मूळ कथानक हातचे निसटते.

वास्तुरचनेत मंदिराचा ठसा पूर्वेकडील मंडळ्यांत अधिक स्पष्ट आहे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रवेशमंडप, सभागृह व प्रतिमापटामागील वेदीस्थान असे तीन भाग असतात. इथिओपियातील चर्चमध्ये सर्वांत आतील भागात कराराच्या पाट्यांचे प्रतीक असलेला ‘ताबोत’ ठेवतात व तेथे केवळ धर्मगुरूंना प्रवेश असतो. दिशा मात्र उलटली. मंदिराचे द्वार पूर्वेस व गाभारा पश्चिमेस होता, तर बहुतेक जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेस असते. रोममधील पिळाचे प्राचीन स्तंभ शलमोनाच्या मंदिरातून आले, अशी आख्यायिका मध्ययुगात रूढ होती. तिला ऐतिहासिक आधार नाही. पण त्यावरूनच अशा स्तंभांना ‘शलमोनी स्तंभ’ हे नाव पडले. गोव्यातील जुन्या चर्चांच्या सोनेरी वेदीपटांतही पिळाचे स्तंभ दिसतात.

धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट पंथीयांनी सामान्यतः वास्तूपेक्षा मंडळीवर भर दिला. तरीही जॉन बन्यन याने १६८८ मध्ये मंदिराच्या रूपकावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

मतभेद

ख्रिस्तात मंदिराची परिपूर्ती झाली, या विधानातून यहुदी उपासना निरर्थक ठरली, असा निष्कर्ष अनेक शतके काढला गेला व त्याची झळ यहुदी समाजाला पोहोचली. इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिर जाळल्यानंतर यहुद्यांनी अर्पणाची जागा प्रार्थना व शास्त्राध्ययनास दिली. मंदिराची स्मृती त्यांच्या नित्य प्रार्थनेत आजही आहे. आद्य ख्रिस्ती स्वतः मंदिरात प्रार्थनेस जात असत, याची नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्याच पुस्तकातील स्तेफनाच्या भाषणात मात्र देव हातांनी बांधलेल्या घरात राहत नाही, असे प्रतिपादन येते.

पुरातत्त्वीय दृष्टीने या मंदिराचे निर्विवाद अवशेष मिळालेले नाहीत. उत्तर सीरियातील ऐन दारा येथील मंदिराची रचना पवित्र शास्त्रातील वर्णनाशी बरीच जुळत असल्याने अभ्यासक तुलनेसाठी त्याचा आधार घेत आले आहेत. २०१८ मधील हवाई हल्ल्यात त्या अवशेषांची मोठी हानी झाली.