एसजी कंपनीचा इतिहास: सियालकोटची फाळणी ते टेस्ट क्रिकेटचा बॉल

भारतात टेस्ट मॅच चालू असली की कॉमेंटेटर सारखं 'एसजी बॉल, एसजी बॉल' म्हणत असतात. एसजी म्हणजे सुनील गावस्कर, असं अनेकांना वाटतं, पण ही कंपनी गावस्करांच्या जन्माच्या १८ वर्षं आधीची आहे. एसजी म्हणजे सॅन्सपॅरिल्स ग्रीनलँड्स. यातला 'सॅन्सपॅरिल' हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'ज्याला तोड नाही'.

मी छत्रपती संभाजीनगरचा. आमच्याकडे वाळूज आणि चिकलठाण्यात गाड्यांचे पार्ट बनतात, तिथे मायक्रॉनच्या हिशेबात बोलतात आणि एक पार्ट दुसऱ्यासारखाच निघतो. पण आमखास मैदानाच्या आसपास लेदर बॉलने खेळणारी पोरं ज्या कंपनीचा बॉल मागतात, तिथे उलटं आहे. त्या बॉलची शिवण अजून माणूस हाताने घालतो. म्हणून हा इतिहास इंजिनिअरच्या नजरेने सांगावासा वाटला.

सियालकोट, आग्रा, मेरठ

१९३१ साली केदारनाथ आणि द्वारकानाथ आनंद या भावांनी सियालकोटमध्ये सॅन्सपॅरिल्स कंपनी काढली. सियालकोटच का? तिथे इंग्रजांची छावणी होती, म्हणजे क्रिकेट आणि हॉकी खेळणारं गिऱ्हाईक दारात. वर काश्मीरचं लाकूड जवळ, आणि चामड्याचं काम जाणणारे कारागीरही गावातच. १९४० मध्ये निर्यातीसाठी ग्रीनलँड्स ही दुसरी कंपनी सुरू झाली. दोन्ही नावं जोडून पुढे एसजी झालं.

मग फाळणी आली. सियालकोट पाकिस्तानात गेलं आणि आनंद कुटुंब आधी आग्र्याला आलं. १९५० मध्ये त्यांनी मेरठला बस्तान बसवलं. ते एकटेच नव्हते. सियालकोटहून निघालेल्या या धंद्यातल्या लोकांपैकी बरेच जण जालंधरला आणि मेरठला स्थिरावले. आजही भारतातलं खेळाचं सामान म्हटलं की हीच दोन शहरं समोर येतात. मला यात विशेष वाटतं ते हे, की कारखाना मागे राहिला तरी धंदा मेला नाही. मशीन सोबत आणता आलं नसेल, पण टाका कसा घालायचा हे ज्याला येतं तो माणूस चालत इकडे आला.

बॅटच्या बाजूला आपल्या मराठी वाचकांसाठी गंमत आहे. एसजीच्या 'सनी टॉनी' बॅटमधला सनी म्हणजे गावस्कर, आणि 'आरएसडी' म्हणजे राहुल शरद द्रविड. 'व्हीएस ३१९' हे नाव सेहवागच्या २००८ मधल्या चेन्नईच्या ३१९ धावांवरून आलं. म्हणजे मॉडेल नंबरमध्ये थेट स्कोअरकार्डच.

बॉलमध्ये नेमकं काय असतं?

नियमाप्रमाणे नव्या बॉलचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. म्हणजे सूट फक्त सात ग्रॅमची. आत कॉर्क आणि लोकरीच्या धाग्याचा गाभा, वर चामड्याच्या दोन वाट्या. प्रत्येक वाटी दोन तुकडे जोडून केलेली असते, म्हणून याला फोर-पीस बॉल म्हणतात. मैदानावर मिळणारा स्वस्त बॉल बहुतेक टू-पीस असतो. दोन वाट्या एकत्र धरणाऱ्या शिवणीत टाक्यांच्या सहा ओळी असतात, एकेका ओळीत साधारण ८० टाके.

खरा फरक इथेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या कूकाबुरा बॉलमध्ये मधल्या दोन ओळी हाताच्या आणि बाहेरच्या चार मशीनच्या. एसजी आणि इंग्लंडचा ड्यूक्स यांच्या सहाच्या सहा ओळी हाताच्या. एसजीची शिवण जाड, उभी आणि टाके जवळजवळ. अशी शिवण हवेत जाताना बॉलच्या अंगाला चिकटलेला हवेचा पातळ थर ढवळून टाकते. ढवळलेली हवा त्या बाजूला जास्त वेळ चिकटून राहते, दुसऱ्या बाजूची लवकर सुटते, आणि बॉल शिवणीच्या दिशेने वळतो. हाच स्विंग. गोल्फच्या बॉलवर खळगे असतात तेही हवेचा थर ढवळण्यासाठीच, फक्त ते चहूबाजूंनी असल्यामुळे बॉल वळत नाही, लांब जातो. स्पिनरला शिवणीचा फायदा आणखी सरळ आहे: बोटाला पकड मिळते, आणि शिवणीवर पडलेला बॉल खेळपट्टीला चावतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून भारतातल्या टेस्ट मॅच एसजीच्या बॉलने खेळल्या जातात. वनडेला मात्र भारतातही कूकाबुराचा पांढरा बॉल.

तक्रारी आणि दुरुस्त्या

हाताच्या कामाची किंमत कंपनीला चारचौघांत मोजावी लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये वेस्ट इंडीज मालिकेच्या वेळी विराट कोहलीने उघड सांगितलं की पाच ओव्हरमध्येच बॉल खरवडलेला दिसतो, आणि टेस्ट जगभर ड्यूक्सने खेळावी. टेस्टमध्ये नवा बॉल ८० ओव्हरनंतर मिळतो, तेव्हा ही तक्रार किती जड आहे ते बघा. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग सापडला की रात्रीत पॅच टाकतो. इथे चामडं, धागा, कारागीर, सगळ्यातून बदल खाली झिरपायला महिने जातात. २०१९ च्या दक्षिण आफ्रिका मालिकेसाठी कंपनीने सुधारलेला, गडद रंगाचा बॉल दिला आणि तेव्हा कोहलीचं मत बरंच बदललं.

त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर बांगलादेशविरुद्ध भारताची पहिली गुलाबी बॉलची टेस्ट झाली, तीही एसजीच्याच बॉलने. लाल चामड्यात रंग मुरवता येतो, गुलाबीवर मात्र रंगाचा लेप चढवावा लागतो, नाहीतर दिव्यांच्या उजेडात तो दिसणार नाही. शिवण काळ्या धाग्याची, तीही नजरेला पडावी म्हणून.

फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध पहिली टेस्ट हरल्यावर कोहली आणि अश्विन पुन्हा बोलले. साठेक ओव्हरनंतर शिवणच उसवत होती. म्हणजे आधी तक्रार चामड्याची होती, आता थेट टाक्याची.

मग सगळं मशीनवर का नेत नाहीत? करता येईल, कूकाबुराने बाहेरच्या ओळींचं केलंच आहे. पण मशीनची शिवण दबलेली असते आणि लवकर सपाट होते. भारताच्या कोरड्या, खरखरीत खेळपट्ट्यांवर स्पिनरला चौथ्या दिवशीही जी उभी कड हवी असते, ती तेवढी टिकत नाही. मेरठमध्ये म्हणूनच अजूनही कारागीर बॉल शिकंज्यात धरून, दोन सुया आणि मेण लावलेला धागा घेऊन बसतो.