पात्र कोण, आणि ठरविणार कोण?

राष्ट्रीय क्रिकेट संघाची नावे जाहीर झाली, की पारापासून क्लबापर्यंत वाद रंगतो. कोणी धावा मोजतो, कोणी बळी. अमका प्रांत डावलला गेला, अशीही ओरड होते. या वादात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो असा की, जो खेळाडू निर्विवाद पात्र आहे त्याला संघात येणे परवडते काय? १९५२ सालच्या विनू मंकड प्रकरणाचे मर्म आम्हांस येथेच दिसते.

त्या वर्षी १० फेब्रुवारीस मद्रास येथे भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरविले. कसोटी क्रिकेटमधील हा आपला पहिलाच विजय. त्या सामन्यात मंकड यांनी १२ बळी घेतले होते. त्यांच्या पात्रतेविषयी शंका घ्यावी असे काही उरलेच नव्हते. परंतु याच मोसमात लँकेशायर लीगमधील हास्लिंग्डन क्लबाने त्यांना पुढील उन्हाळ्यासाठी बोलावणे धाडले होते. क्रिकेट हेच त्यांचे पोट. म्हणून त्यांनी मंडळाकडे आश्वासन मागितले : इंग्लंडच्या दौऱ्यावर निश्चित घेणार असाल, तर हा करार सोडतो. आश्वासन मिळाले नाही. मंकड हास्लिंग्डनला गेले, आणि संघ त्यांच्यावाचून इंग्लंडला निघाला.

निवड समितीची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. एकाला आगाऊ वचन दिले, तर इतरांशी न्याय कसा व्हावा? तत्त्व शुद्ध होते, पण त्याची किंमत समितीला मोजावयाची नव्हती. संस्थानिकाला किंवा पगारी रजा मिळणाऱ्या नोकरदाराला वाट पाहणे जमते. ज्याचा संसार बॅटीवर चालतो, त्याला ते कसे जमावे? नियम सर्वांस एक, पण त्याचा भार सर्वांवर सारखा नव्हता.

जूनमध्ये लीड्सच्या पहिल्या कसोटीत, दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावांवर बाद झाले. मग क्लबाशी बोलणी करून मंडळाने मंकड यांना उरलेल्या कसोट्यांसाठी मोकळे करून घेतले. लॉर्ड्सवर त्यांनी सलामीला येऊन ७२ धावा केल्या, लगेच ७३ षटके टाकून ५ बळी घेतले, आणि दुसऱ्या डावात १८४ धावा काढल्या. सांगलीत जन्मलेले कर्णधार विजय हजारे यांच्यासह त्यांनी २११ धावांची भागीदारी केली. तरीही सामना ८ गड्यांनी गेलाच. एकट्याच्या पराक्रमाने संघ तरत नाही, हेही खरे.

लॉर्ड्समुळे मंकड यांची मागणी योग्य ठरली, असे आम्ही म्हणत नाही. ते तेथे शून्यावर बाद झाले असते, तरी ती तितकीच योग्य होती. निवडीचा न्याय निकालावरून ठरवू नये. निवडीच्या वेळी कोणास काय विचारले आणि काय नाकारले, यावरून तो ठरवावा. पुढे मंडळाने खेळाडूंशी वार्षिक करार सुरू केले, तेव्हा मंकड यांच्या प्रश्नाला उशिरा का होईना, उत्तर मिळाले. यापुढे पारावर संघ निवडताना आपण धावांबरोबर हाही हिशेब मांडावा.